निद्रा आणि गुंगी : सर्पगंधेच्या इतिहासाची एक बाजू

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, शहराच्या उत्तरेस, सिलतरा हे औद्योगिक क्षेत्र लागते. स्पंज लोखंडाचे कारखाने, पोलादाच्या रोलिंग गिरण्या आणि औष्णिक वीजकेंद्रे ही त्याची आजची ओळख होय. स्पंज लोखंडाच्या फिरत्या भट्टीत लोहखनिज आणि कोळसा सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो. अशी भट्टी संध्याकाळी विझवून सकाळी पेटवता येत नाही; वारंवार थंड केली तर तिचे अस्तर तडकते. म्हणून भट्टी अहोरात्र चालते, आणि ती चालते म्हणून माणसेही पाळ्यांनी अहोरात्र जागतात. रात्रपाळीचा कामगार सकाळी घरी येतो तेव्हा शेजार जागा झालेला असतो, रस्त्यावर अवजड मालमोटारी धावत असतात आणि दाराखिडक्यांवर काजळीची पूड साचलेली असते. अशा वेळी त्याने झोपावे अशी अपेक्षा असते.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. झोप मोडत राहिली की हा उतार कमी होतो, आणि जो मुळातच रक्तदाबाचा रोगी आहे त्याच्या हृदयावर व मेंदूतील रक्तवाहिन्यांवर रात्रीही दिवसाइतकाच ताण राहतो. दीर्घ आजाराने झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेने आजार बळावतो. या चक्रातून सोडवणारे एखादे मूळ रानात असेल, ही आशा फार जुनी आहे. सिलतऱ्यापासून दक्षिणेकडे गेले की धमतरीच्या पलीकडे छत्तीसगढची साल-सागाची अरण्ये सुरू होतात. या अरण्यांत, आणि बिहारपासून कोकणापर्यंत पसरलेल्या ओलसर छायेच्या रानांत, वाढणाऱ्या एका बुटक्या झुडपाने ही आशा काही काळ खरी करून दाखवली. त्या झुडपाचे नाव सर्पगंधा.

सर्पगंधा फार तर गुडघ्याएवढी वाढते. फुले पांढरी, त्यांचे देठ लालसर, फळे पिकली की जांभळी-काळी. तिचे सारे औषधी मोल जमिनीखाली असते. मुळात, आणि त्यातही मुळाच्या सालीत. हिंदी मुलुखात तिला छोटा चांद म्हणतात, कोकणात हरकी, अडकई अशा नावांनी ती ओळखली जाते. संस्कृत ग्रंथांत सर्पगंधा, नाकुली ही नावे आढळतात; परंतु त्या प्रत्येक ठिकाणी हीच वनस्पती अभिप्रेत आहे काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. नाकुली हे नाव नकुल म्हणजे मुंगसाशी जोडलेले आहे. सापाशी झुंजण्यापूर्वी मुंगूस हे मूळ खाते, ही समजूत देशभर होती. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सर्पकाष्ठांवर स्वतंत्र संवाद लिहिला आणि मुंगसाची ही कथाही नोंदवली. त्याने वर्णिलेल्या काष्ठांपैकी एक म्हणजे सर्पगंधा असावी, असे पुढील अनेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी मानले. १७०३ साली शार्ल प्लूमिए याने या कुळास लिओनहार्ट राउवोल्फ या सोळाव्या शतकातील जर्मन वैद्याचे नाव दिले. राउवोल्फने पश्चिम आशियात प्रवास केला होता. भारताची भूमी मात्र त्याने कधी पाहिली नव्हती.

या साऱ्या लिखित परंपरेत एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. विद्वानांनी या मुळाची नोंद केली ती प्रामुख्याने विषावरील उतारा म्हणून. झोपेचा गुण ठाऊक होता तो लिहिता न येणाऱ्यांना. बिहारच्या काही भागांत गरीब घरांतील बाया मुलांना निजवण्यासाठी हे मूळ देत, असे रामनाथ चोप्रा यांनी १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या देशी औषधींवरील आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. त्याच प्रदेशात त्याला ‘पागल की दवा’ असे सरळ नाव होते. कोकणाची हकीकत थोडी निराळी आहे. डायमॉक, वॉर्डन आणि हूपर यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात अशी नोंद आहे की, दक्षिण कोकणातून मुंबईस येणारे मजूर या मुळाचा थोडा साठा जवळ बाळगत. पोटातील कळांवर ते त्यांचे हुकमी औषध होते. गाव सोडून शहरात मजुरीस निघालेल्या माणसाच्या गाठोड्यात रानातले एक मूळ असावे, यात त्या काळच्या स्थलांतराची एक खूण सापडते.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र झोपेची गरज दुसऱ्याच औषधाने भागवली जाई. मुंबई सरकारच्या वतीने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांनी गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी पाहणी केली आणि १९२२ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कामावर जाणाऱ्या आयांची बहुतेक सर्व तान्ही मुले अफूवर झोपवली जातात, हे त्यातून पुढे आले. ही अफू ‘बाळगोळी’ या नावाने मिळे. त्या आयांना दोष देणे सोपे होते. परंतु गिरणीचा भोंगा झाल्यावर बाळाला पाहणारे कोणी नसे, आणि रात्री बाळ रडत राहिले तर दुसऱ्या दिवशी साच्यावर उभे राहणे अशक्य होई. बाळगोळीने येणारी झोप बाळाच्या गरजेची नव्हती. ती भोंग्याच्या गरजेची होती.

मराठीत निद्रा आणि गुंगी हे दोन शब्द वेगळे आहेत आणि लोकव्यवहारात त्यांची गल्लत सहसा होत नाही. झोप लागते, गुंगी आणली जाते. झोपेतून माणूस ताजा होऊन उठतो, गुंगीतून जड होऊन. आयुर्वेदाने हा भेद काळजीपूर्वक जपला होता. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीने निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानले आहे. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात झोप न येण्याची कारणे दिली आहेत ती कामाचा ताण, वय, रोग, प्रकृती आणि वायूचा प्रकोप अशी. त्यानंतर येणारी उपायांची यादी पाहिली तर आजच्या वाचकास नवल वाटेल. अंगाला तेल लावणे, उटणे, स्नान, दूधतुपाचा आहार, अंग चेपणे, मनास रुचणारे गंध आणि शब्द, सुखकर शय्या, योग्य घर आणि योग्य वेळ, असे ते उपाय आहेत. झोप आणणाऱ्या पदार्थांत श्रेष्ठ कोणता, याचे चरकाचे उत्तर म्हशीचे दूध असे आहे. एखादे जालीम मूळ त्या स्थानी नाही. झोप ज्यामुळे उडाली ते कारण आधी दूर करावे, हा या यादीचा रोख आहे.

महाराष्ट्रातील घरगुती उपचारांनीही हाच रोख सांभाळला. तान्ह्या मुलाच्या बाळगुटीत सहाणेवर जायफळाचे एकदोन वेढे उगाळत. मोठ्यांसाठी ते दुधात पडे. वेढे मोजण्याची पद्धत हीच त्या औषधाची मात्रा होती, कारण जायफळ अधिक झाले तर भ्रम होतो हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक असे. टाळूवर ब्राह्मीचे तेल, काष्ठौषधीच्या दुकानातील जटामांसी आणि तगर, दुधात शिजवलेली अश्वगंधा हे त्याच परंपरेतील उपाय. अश्वगंधेच्या लॅटिन नावातील ‘सोम्निफेरा’ या पदाचा अर्थच निद्रा आणणारी असा आहे. अलीकडच्या काही लहान चाचण्यांत तिने झोपेत माफक सुधारणा झाल्याचे आढळले आहे, आणि तिच्या सेवनानंतर काही व्यक्तींच्या यकृतास इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सौम्य समजल्या जाणाऱ्या वनस्पतीलाही मात्रा आणि पात्र पाहूनच द्यावे लागते, हे या दोन्ही गोष्टींवरून कळते.

सर्पगंधा सौम्य नव्हती, आणि म्हणूनच आधुनिक वैद्यकाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९३१ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांचे सहकारी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकास हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील नवे भारतीय औषध म्हणून सर्पगंधेची वैद्यकीय जगास ओळख करून दिली. मुळाचे चूर्ण २० ते ३० ग्रेन या प्रमाणात दिवसातून दोनदा दिल्यास झोप येते आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांचे निरीक्षण होते. झोप आणि रक्तदाब यांचा एकाच औषधात जुळलेला हा संबंध पुढील वीस वर्षांच्या संशोधनाचे बीज ठरला. १९३३ साली चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी कलकत्त्यात प्रयोगशाळेतील पुराव्याने त्यास बळ दिले.

पाश्चात्त्य जगाने मात्र या लेखनाची फारशी दखल घेतली नाही. ती घेतली गेली मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञामुळे. डॉ. रुस्तुम जाल वकील यांचा जन्म १९११ सालचा. वैद्यकीय शिक्षण लंडनचे आणि कार्यक्षेत्र मुंबईचे. १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेल्या पाहणीचे निष्कर्ष होते. आजच्या कसोटीने ती चाचणी अपुरी ठरेल. रुग्णांची यादृच्छिक विभागणी तीत नव्हती. तरीही वकिलांनी जे केले ते पूर्वी इतक्या शिस्तीने झाले नव्हते. प्रत्येक रुग्णाचा रक्तदाब त्यांनी मोजला, लिहिला, आणि तो किती उतरला हे जगासमोर आकड्यांत ठेवले. बिहारमधील आईला मूळ कशासाठी द्यायचे ते माहीत होते. कोणाला, किती आणि किती दिवस, याचे उत्तर मोजणीतून मिळू लागले. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत वकिलांचे नाव होते.

त्यानंतरचा वेग थक्क करणारा आहे. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या म्यूलर, श्लिटलर आणि बाइन या शास्त्रज्ञांनी मुळातील मुख्य कार्यद्रव्य वेगळे केले आणि त्यास ‘रेसर्पीन’ हे नाव मिळाले. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचे प्रयोग करीत होते. रक्तदाब उतरण्याबरोबर रुग्णांच्या मनाची तगमग शमते, हे त्यांनीही पाहिले. १९५४ साली न्यू यॉर्क राज्यातील रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधून नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केले. ‘ट्रँक्विलायझर’ हा शब्द रूढ होऊ लागला तो याच सुमारास आणि याच औषधाच्या संदर्भात. शतकानुशतके निनावी राहिलेले मूळ दोन-तीन वर्षांत जगभरच्या रुग्णालयांत पोहोचले.

आणि तेथेच निद्रा व गुंगी यांतील जुना भेद पुन्हा उभा राहिला. १९५४ सालीच एडवर्ड फ्रीस या अमेरिकी डॉक्टरांनी इशारा दिला की, रेसर्पीन मोठ्या मात्रेत आणि दीर्घकाळ घेणाऱ्या काही रक्तदाबाच्या रुग्णांना खोल औदासीन्याने ग्रासले आहे. ज्याला बाहेरून शांती म्हणत होते ती काही रुग्णांच्या आत निराशा होती. असे रुग्ण तक्रार करीत नाहीत. तक्रार करण्याची उमेदही त्या अवस्थेत मावळते. रक्तदाबमापकावरील पारा समाधानकारक उतरलेला असतो, रुग्ण पडून असतो, घरच्यांना वाटते की त्याला विश्रांती मिळते आहे. दीर्घ आजारात शांतीची परीक्षा करायची तर रोग्याला विचारावेच लागते, हे या अनुभवाने वैद्यकाला शिकवले. रेसर्पीनमुळे औदासीन्य किती जणांना आणि कितपत येते, याविषयी पुढे मतभेद झाले. आरंभीचे निष्कर्ष अतिशयोक्त होते असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. परंतु पूर्वी औदासीन्याचा विकार झालेल्यांना हे औषध देऊ नये, ही दक्षता कायम राहिली.

औषध काम कसे करते, हे कळल्यावर त्याची किंमतही कळली. रेसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही द्रव्ये रिती करते. कोठार सावकाश रिकामे होते, म्हणून औषधाचा गुण यायला दिवस लागतात. आणि ते भरून यायलाही वेळ लागतो, म्हणून औषध थांबवल्यावरही परिणाम रेंगाळतो. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन आणि सहकाऱ्यांनी रेसर्पीन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले, आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. मेंदूतील डोपामिनचे महत्त्व आणि कंपवातावरील उपचाराची दिशा या प्रयोगांतून उलगडली. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. भारतीय रानातील एका मुळाने अशा रीतीने मेंदूच्या रसायनशास्त्राचे एक दार उघडले.

फ्रीस यांची कथा येथे संपत नाही. धोका दाखवणाऱ्या याच डॉक्टरांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक मोठी नियंत्रित चाचणी घडवून आणली. रेसर्पीन इतर दोन औषधांच्या जोडीने आणि बेताच्या मात्रेत देण्यात आले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात तीव्र रक्तदाबाचे १४३ पुरुष होते. उपचार घेणाऱ्यांत पक्षाघातासारखे गंभीर आघात फारच कमी झाले. वाढलेला रक्तदाब औषधाने उतरवल्यास जीव वाचतात, याचा हा पहिल्या भक्कम पुराव्यांपैकी एक होता. औषध टाकून देणे आणि डोळे मिटून देणे यांच्यामधला मार्ग त्यातून स्पष्ट झाला. रेसर्पीनची रोजची मात्रा पुढे मिलिग्रॅमच्या दशमांशापासून पाव मिलिग्रॅमपर्यंत खाली आली, आणि नवी औषधे आल्यावर ते बव्हंशी मागे पडले.

जगाला मिळालेल्या या औषधाची झळ रानाला लागली. सर्पगंधेचे मूळ घ्यायचे म्हणजे झुडूप उपटावे लागते. पाने तोडून पुन्हा वाढू देण्याची सोय नाही. औषधाजोगे मूळ तयार होण्यास दीड वर्षाहून अधिक काळ लागतो. १९५०च्या दशकात मागणी उसळली तेव्हा मुळे खणली गेली ती बहुतांशी जंगलातून. पुढे मुळांच्या निर्यातीवर निर्बंध आले, आणि १९९० सालापासून धोक्यातील वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्पगंधा आली. हिमालयातील जटामांसी १९९७ साली त्याच परिशिष्टात दाखल झाली. शांत झोपेच्या शोधात माणसाने दोन वनस्पतींना अशा यादीत नेऊन ठेवले.

या इतिहासात छत्तीसगढचे स्थान मराठी वाचकास परके वाटू नये. अठराव्या शतकाच्या मध्यापासून हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता. बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरातून त्याचा कारभार पाहिला. १८५४ साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. तेव्हापासून १९५६ सालापर्यंत रायपूर आणि विदर्भाचा पूर्वभाग नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रांतात होते. गोंडवनाच्या या अखंड पट्ट्यात बैगा आणि गुनिया यांची जडीबुटीची विद्या मुखोद्गत चालत आली. छत्तीसगढ राज्य २००० साली अस्तित्वात आले, आणि २००१ साली शासनाने त्यास ‘हर्बल राज्य’ म्हणून घोषित केले. लागवड, साठवण आणि विक्री यांच्या योजना आल्या. वनस्पती जपण्याचे प्रयत्न त्यातून झाले. तिच्या मात्रेचे आणि निषेधांचे ज्ञान जपणे हे अधिक अवघड काम आहे. बैग्याच्या हातून मुळाचा तुकडा मिळे तेव्हा घेणाऱ्याची प्रकृती, वय आणि घर त्याला ठाऊक असे. डबीत भरलेले चूर्ण कोण घेणार आहे, हे डबीला ठाऊक नसते.

सिलतऱ्याच्या रात्रपाळीकडे पुन्हा वळले तर हा भेद किती जवळचा आहे ते दिसते. तेथे राबणाऱ्यांत छत्तीसगढच्या खेड्यांतले लोक आहेत, तसे ओडिशा आणि बिहारमधून आलेलेही आहेत. सर्पगंधेच्या झोपेची आठवण ज्या प्रदेशांत टिकली तेथलेच हे लोक. रक्तदाब, दमा, मधुमेह असे आयुष्यभर सोबत राहणारे आजार घेऊन जो कामगार पाळ्या बदलत जगतो, त्याने जुन्या मुळाची आठवण काढावी हे स्वाभाविक आहे. पण रेसर्पीनने दम्याचा त्रास वाढू शकतो, जठरव्रण चिघळू शकतो, आणि रक्तदाबाची इतर औषधे चालू असतील तर दाब नको तितका उतरू शकतो. म्हणून वैद्य असो वा डॉक्टर, त्याच्या नजरेखालीच आणि चालू औषधांची यादी त्याच्यासमोर ठेवूनच असे मूळ घ्यावे, एवढे तरी या इतिहासाने निश्चित केले आहे.

चरकाच्या यादीतील योग्य घर आणि योग्य वेळ या दोन गोष्टी कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात मिळत नाहीत. पाळ्यांचे वेळापत्रक सावकाश बदलणे, रात्रपाळीनंतर पुरेसे तास मोकळे ठेवणे, कामगारवस्ती धुरापासून आणि रहदारीपासून दूर असणे, या गोष्टी कारखाना आणि शासन यांच्या हातच्या आहेत. त्या झाल्या नाहीत तर रोग्याच्या हाती पुडी तेवढी उरते. गिरणगावातील आईच्या हाती शंभर वर्षांपूर्वी बाळगोळी उरली होती, तशीच.